निळ्या रक्ताचे कागद : ‘ब्लू-ब्लडेड’ या विशेषणाचा इतिहास

१/
राजघराणी, सरदार किंवा पिढीजात श्रीमंत यांच्याविषयी लिहिताना इंग्रजीत एक विशेषण हमखास येते : ‘ब्लू-ब्लडेड’. शब्दशः अर्थ निळ्या रक्ताचा. रूढ अर्थ उच्चकुलीन, खानदानी. आज हा शब्द कौतुकाने किंवा थोड्या थट्टेने वापरला जातो. त्याच्या मुळाशी मात्र स्पेनमधील एका शहरातला दंगा आहे, वंशावळींच्या दाखल्यांचे ढीग आहेत आणि त्या कथेचा एक धागा गोव्यात उकरून जाळलेल्या एका वैद्याच्या अस्थींपर्यंत येतो.

२/
प्रथम शब्दाची घडण पाहू. मराठी व्याकरणाच्या भाषेत हा बहुव्रीही समास. ‘नील आहे कंठ ज्याचा तो नीलकंठ’, तसेच ‘निळे आहे रक्त ज्याचे तो’. समासातील दोन्ही पदे बाजूला राहतात आणि बोध तिसऱ्याच व्यक्तीचा होतो. ‘कोल्ड-ब्लडेड’ हे इंग्रजी विशेषणही याच साच्यातले. फरक इतकाच, की थंड रक्ताचे प्राणी खरोखर असतात. निळ्या रक्ताचा माणूस आजवर जन्मलेला नाही.

३/
माणसाचे रक्त लालच असते. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोह असते. प्राणवायू मिळाला की ते भडक लाल दिसते, कमी झाला की गडद लाल. निळे रक्त निसर्गात आहे, पण ते ऑक्टोपस आणि हॉर्सशू क्रॅब यांसारख्या प्राण्यांचे. त्यांच्या रक्तात लोहाच्या जागी तांबे असलेले हिमोसायनिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेते.

४/
मग मनगटावरची शीर निळी का दिसते? त्वचेवर पडलेल्या प्रकाशातील लाल किरण खोलवर जातात आणि शिरेतील रक्त त्यांचा बराच भाग शोषून घेते. निळे किरण वरच्या थरांतूनच विखरून परततात. त्यामुळे शेजारच्या त्वचेच्या तुलनेत शीर निळसर भासते. मराठी शरीरशास्त्रात शिरेला ‘नीला’ असेही म्हणतात, ते या भासावरूनच. त्वचा जितकी उजळ, तितका हा भास ठळक. या विशेषणाचा सारा डोलारा या एका भासावर उभा आहे.

५/
या शब्दाविषयी दोन लोकप्रिय कथा सांगितल्या जातात. त्या आधी बाजूला ठेवणे बरे. पहिली : राजेलोक चांदीच्या भांड्यांत जेवत, म्हणून त्यांचे रक्त निळे झाले. शरीरात चांदी फार साठली तर त्वचा करडी-निळसर होते हे खरे; रक्ताचा रंग त्याने बदलत नाही.

६/
दुसरी कथा : राणी व्हिक्टोरियाच्या वंशात हिमोफिलिया हा रक्तस्रावाचा आनुवंशिक विकार होता, त्यावरून हा शब्द आला. येथे सनावळीच आड येते. तिचा हिमोफिलियाग्रस्त मुलगा लिओपोल्ड १८५३ साली जन्मला. ‘ब्लू ब्लड’ हा शब्दप्रयोग मात्र मरिया एजवर्थ या लेखिकेच्या १८३४ सालच्या ‘हेलेन’ या कादंबरीत आलेला आहे. तेव्हा व्हिक्टोरिया राणीही झालेली नव्हती.

७/
त्याच कादंबरीत खरा माग सापडतो. एजवर्थ हा शब्द देताना त्याचे मूळ स्पॅनिश रूपही सोबत देते : ‘सांग्रे आसूल’. सांग्रे म्हणजे रक्त, आसूल म्हणजे निळे. इंग्रजीने स्पॅनिशचा शब्दशः अनुवाद केला आणि पुढे त्यालाच प्रत्यय जोडून विशेषण घडवले. म्हणजे इंग्रजी हे या शब्दाचे सासर. माहेर शोधायचे तर कॅस्टीलमध्ये, स्पेनच्या मध्यभागी जावे लागते.

८/
इ. स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम सैन्याने स्पेनमध्ये पाऊल ठेवले. पुढील जवळजवळ आठ शतके या द्वीपकल्पात ख्रिस्ती, मुस्लिम आणि ज्यू हे तिन्ही समाज कधी शेजारी म्हणून, कधी शत्रू म्हणून नांदले. भाषा मिसळल्या, पाककृती मिसळल्या, घराणीही मिसळली. उत्तरेकडील ख्रिस्ती राज्ये हळूहळू दक्षिणेकडे सरकत गेली आणि २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानाडा हे शेवटचे मुस्लिम राज्य शरण आले.

९/
या दीर्घ काळात एक निर्णायक घटना घडली. १३९१ साली सेव्हिल शहरात ज्यूंविरुद्ध दंगल पेटली आणि ती वणव्यासारखी शहरामागून शहरांत पसरली. जीव वाचवण्यासाठी हजारो ज्यूंनी बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतरितांना स्पॅनिशमध्ये ‘कोन्व्हेर्सो’ म्हणत. ख्रिस्ती झाल्यामुळे पूर्वी बंद असलेली दारे त्यांना उघडली : नगरपालिका, न्यायालय, विद्यापीठ, अगदी चर्चसुद्धा.

१०/
बुर्गोस शहरातील सॉलोमन हा-लेव्ही या रब्बीने १३९० च्या सुमारास धर्मांतर केले. पाब्लो दे सांता मारिया या नावाने तो पुढे त्याच शहराचा बिशप झाला. त्याच्यानंतर त्याचा मुलगा आलोन्सो दे कार्ताखेनाही बिशप झाला. सिनेगॉगमधून कॅथेड्रलच्या मुख्य आसनापर्यंतचा प्रवास एका पिढीत झाला होता. जुन्या ख्रिस्ती घराण्यांच्या पोटात दुखू लागले ते येथून.

११/
ठिणगी पडली ती कराच्या निमित्ताने. जानेवारी १४४९ मध्ये राजाचा प्रमुख मंत्री आल्वारो दे लूना याने टोलेडो शहराकडे दहा लाख माराव्हेदींची मागणी केली. वसुलीशी आलोन्सो कोता या श्रीमंत कोन्व्हेर्सो व्यापाऱ्याचे नाव जोडले गेले. संतप्त जमावाने त्याचे घर जाळले आणि कोन्व्हेर्सोंच्या वस्तीवर हल्ला केला. किल्लेदार पेरो सार्मिएन्तो याने दंगेखोरांचे नेतृत्व स्वीकारले.

१२/
५ जून १४४९ रोजी सार्मिएन्तोच्या टोलेडोने एक फर्मान काढले. ज्यू वंशातील कोणालाही, तो कितीही निष्ठावान ख्रिस्ती असला तरी, शहरात सार्वजनिक पद मिळणार नाही आणि जुन्या ख्रिस्त्यांविरुद्ध त्याची साक्ष ग्राह्य धरली जाणार नाही. फर्मानाचा मोठेपणा त्याच्या शब्दांत नव्हता, त्यामागच्या कल्पनेत होता. श्रद्धा बदलता येते, रक्त बदलता येत नाही, असे एका ख्रिस्ती शहराने प्रथमच कायद्याच्या भाषेत मांडले होते.

१३/
ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे उघड पाखंड होते. बाप्तिस्म्याने माणूस नवा होतो, हा त्या धर्माचा पायाच. म्हणून पोप निकोलस पाचवे यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आज्ञापत्र काढून या भेदाचा निषेध केला. वर उल्लेखलेल्या बिशप आलोन्सो दे कार्ताखेना याने लॅटिनमध्ये ग्रंथ लिहून ख्रिस्ती समाजाच्या एकतेची बाजू मांडली. युक्तिवाद निर्विवाद होता. काळ मात्र विरुद्ध दिशेने वाहत होता.

१४/
१४७८ मध्ये स्पेनसाठी इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापण्यास पोपची परवानगी मिळाली. १४९२ मध्ये बाप्तिस्मा न घेणाऱ्या ज्यूंना हद्दपार करण्यात आले. पुढे मुस्लिमांवरही धर्मांतराची सक्ती झाली. त्या धर्मांतरितांच्या वंशजांना, म्हणजे मोरिस्कोंना, १६०९ ते १६१४ या काळात देशाबाहेर घालवले गेले. एकूण संख्या तीन लाखांच्या आसपास होती. तेही कागदोपत्री ख्रिस्तीच होते.

१५/
या विचाराला नाव मिळाले ‘लिंपिएसा दे सांग्रे’, रक्ताची शुद्धता. १५४७ साली टोलेडोचा आर्चबिशप हुआन मार्तीनेस सिलीसेओ याने आपल्या कॅथेड्रलसाठी शुद्धतेचा नियम केला. त्याच्याविषयीची एक गोष्ट विसरण्याजोगी नाही : तो गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मला होता आणि विद्वत्तेच्या बळावर राजपुत्र फिलिपचा शिक्षक झाला होता. कॅथेड्रलमधील उमराव घराण्यांतले धर्मगुरू त्याला तुच्छ लेखत.

१६/
आणि त्या उमरावांची अडचण अशी, की त्यांच्यातल्या अनेकांच्या पूर्वजांनी श्रीमंत कोन्व्हेर्सो घराण्यांशी सोयरीक केली होती. खेड्यातल्या शेतकऱ्याला आजोबाचे नावही धड ठाऊक नसे, म्हणून त्याच्या रक्तावर डाग दाखवणे कठीण. सरदाराच्या वंशावळीत मात्र प्रत्येक लग्न नोंदलेले. शुद्ध रक्ताचे हत्यार आधी खालच्यांनी वरच्यांवर उगारले होते. १५५५ मध्ये पोपने आणि त्यापुढच्या वर्षी राजा फिलिप दुसरा याने या नियमाला मान्यता दिली.

१७/
१५६० च्या सुमारास एक हस्तलिखित राजदरबारात फिरू लागले. ते कार्डिनल फ्रान्सिस्को दे मेन्दोसा यांच्या नावावर सांगितले जाते. स्पेनमधील जवळजवळ प्रत्येक थोर घराण्यात कोठे ना कोठे ज्यू किंवा मुस्लिम पूर्वज आहे, असे त्यात घराण्यांच्या नावांनिशी मांडले होते. म्हणजे ज्या वर्गाला पुढे ‘निळ्या रक्ताचा’ म्हटले गेले, त्याच्याच शुद्धतेवरचा हा सर्वांत बोचरा आक्षेप होता.

१८/
शुद्धता सिद्ध कशी करायची? रक्त पाहून काही कळत नाही. म्हणून कागद आले. लष्करी-धार्मिक संघ, नामवंत विद्यापीठांची वसतिगृहे, कॅथेड्रल अशा ठिकाणी प्रवेशासाठी उमेदवाराने वंशावळ द्यायची. मग तपासनीस आई-वडिलांच्या आणि आजी-आजोबांच्या गावी जाऊन वृद्धांच्या साक्षी घेत : याच्या घराण्याबद्दल कधी काही कानावर आले होते का? अफवासुद्धा पुरावा ठरे. खर्च उमेदवाराच्या माथी.

१९/
जेथे दाखला लागतो, तेथे दाखल्याचा बाजार भरतोच. साक्षीदार विकत घेतले जात, आडनावे बदलली जात, सोयीचे पूर्वज जन्माला घातले जात. सेव्हिलमध्ये तर घराण्यांच्या कुळकथा पाठ असलेले ‘लिनाहूदो’ नावाचे लोक होते; उमेदवाराला गाठून, पैसे दिले नाहीत तर तोंड उघडीन, अशी धमकी देणे हा त्यांचा धंदाच होता.

२०/
या जाळ्यातून थोरही सुटले नाहीत. आविलाची संत तेरेसा ही कॅथलिक जगातील एक आदरणीय विभूती. टोलेडोचा कापडव्यापारी असलेल्या तिच्या आजोबांना १४८५ मध्ये, गुप्तपणे ज्यू आचार पाळल्याबद्दल, इन्क्विझिशनने जाहीर प्रायश्चित्त दिले होते. पुढे घराणे आविलाला गेले आणि न्यायालयातून कुलीनतेचे कागद मिळवले. विसाव्या शतकात जुनी न्यायालयीन कागदपत्रे उजेडात आली, तेव्हा हे जगाला कळले.

२१/
चित्रकार दिएगो व्हेलास्केस याला सान्तियागो संघात प्रवेश हवा होता. १६५८-५९ मध्ये त्याच्या घराण्याची चौकशी झाली. शंभराहून अधिक साक्षी नोंदल्या गेल्या. त्याचे पूर्वज शुद्ध रक्ताचे आणि कुलीन होते का, एवढाच प्रश्न नव्हता. त्याने पोटासाठी चित्रे विकली का, हेही तपासले गेले. कुलीनता पुरती सिद्ध झाली नाही. अखेर राजाच्या आग्रहावरून पोपची विशेष सूट घेऊन त्याला प्रवेश मिळाला. ‘लास मेनिनास’ या त्याच्या विख्यात चित्रात त्याच्या छातीवर दिसणारा लाल क्रूस त्या संघाचा; चित्र पूर्ण झाल्यावर तो नंतर रंगवलेला आहे.

२२/
या ढोंगाची सर्वांत मार्मिक थट्टा सर्वांतेसने केली. १६१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका छोट्या प्रहसनात दोन भामटे गावात अद्भुत खेळ घेऊन येतात. खेळ दिसतो फक्त औरस आणि शुद्ध ख्रिस्ती रक्ताच्या माणसांना! रंगमंच रिकामाच असतो. पण गावचे प्रतिष्ठित सिंह पाहून किंचाळतात, न पडणाऱ्या पावसात भिजतात. काही दिसत नाही असे म्हणण्याची छाती कोणाची? आणि शेवटी खरेच बोलणाऱ्या एका परक्या माणसावर ज्यू रक्ताचा आरोप होतो.

२३/
आता ‘निळ्या’कडे येऊ. त्या काळाच्या दाखल्यांचा शब्द ‘स्वच्छ’ हा होता. ‘निळे’ हे लोकभाषेचे लेणे. शब्दकोशांतील रूढ स्पष्टीकरण असे : कॅस्टीलमधील काही जुनी घराणी, आपल्यात मूर किंवा ज्यू रक्त कधीच मिसळले नाही, असा अभिमान मिरवत, आणि पुरावा म्हणून उजळ त्वचेखालच्या निळसर शिरा दाखवल्या जात. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या रापलेल्या हातावर त्या तशा दिसत नाहीत. त्यामुळे एकाच रंगात दोन दावे मावले : आम्ही परक्यांत मिसळलो नाही, आणि आम्ही शेतात राबलो नाही. कागद खोटे ठरू शकत होते. कातडी तरी साक्ष देईल, अशी ही आशा होती.

२४/
स्पेनमधील ही कल्पना तेथेच थांबली नाही. १४९२ मध्ये हद्दपार झालेले अनेक ज्यू शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेले. तेथे १४९७ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बाप्तिस्मा लादला गेला. त्यांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत. पोर्तुगालमध्ये १५३६ साली इन्क्विझिशन आले आणि १५६० साली त्याची शाखा गोव्यात सुरू झाली. आशियात जाऊन मोकळा श्वास घेऊ पाहणाऱ्या नवख्रिस्त्यांचा पाठलाग करणे, हे तिच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते.

२५/
अशाच एका कुटुंबातला गार्सिया द ओर्ता. आई-वडील स्पेनमधून परागंदा झालेले ज्यू; शिक्षण सालामांका आणि आल्काला येथे. १५३४ साली तो वैद्य म्हणून गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर त्याने उपचार केले. मुंबईचे बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा भारतीय औषधी वनस्पतींवरील संवादात्मक ग्रंथ युरोपभर वाचला गेला.

२६/
त्या ग्रंथात येथील समाजाचे निरीक्षणही आहे. वडिलांचा व्यवसाय मुलगा सोडत नाही आणि एकाच धंद्याचे सारे लोक एका ‘कास्ता’चे असतात, अशा आशयाची नोंद तो करतो. ‘कास्ता’ हा पोर्तुगीज शब्द मुळात वंश, बीज, पैदास या अर्थाचा. पोर्तुगिजांनी तो भारतातील जातींना लावला आणि त्यावरूनच इंग्रजीत ‘कास्ट’ हा शब्द आला. इतरांच्या ‘कास्ता’विषयी इतक्या शांतपणे लिहिणारा हा माणूस आयुष्यभर स्वतःचा ‘कास्ता’ लपवत होता.

२७/
ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १५६९ मध्ये, त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळण्यात आले. चौकशीत भावाचेही नाव निघाले होते. १५८० च्या डिसेंबरात गार्सिया द ओर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून काढून जाळल्या गेल्या. तोवर त्याला मरून बारा वर्षे झाली होती. वैद्य म्हणून त्याने किती जणांना वाचवले, याची नोंद त्या निकालात उपयोगाची नव्हती.

२८/
हे कायदे मोडायला फार काळ लागला. पोर्तुगालमध्ये १७७३ साली पोंबालच्या राजवटीत जुना-नवा ख्रिस्ती हा भेद कायद्याने संपवला गेला. गोव्यातील इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. स्पेनमध्ये विवाहासाठी आणि शासकीय पदांसाठी रक्तशुद्धीचा दाखला मागण्याची प्रथा १८६५ च्या कायद्याने रद्द झाली. टोलेडोच्या फर्मानाला तोवर चारशे सोळा वर्षे उलटली होती.

२९/
आता तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. एजवर्थची कादंबरी १८३४ ची. म्हणजे स्पेनमध्ये रक्ताचे दाखले अजून चालू असतानाच इंग्रजीने ‘निळे रक्त’ उचलले. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, १८०८ ते १८१४ या काळात, ब्रिटिश सैन्य स्पेनमध्ये लढले होते आणि त्या देशाविषयीचे कुतूहल इंग्लंडमध्ये वाढलेले होते. इंग्रजीत येताना मात्र या शब्दातले ज्यू आणि मूर गळून पडले. उरला तो फक्त उमरावी थाट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ‘ब्लू-ब्लडेड’ हे विशेषण सरावाचे झाले.

३०/
शब्दांचा प्रवास असा असतो. जखम भरते, व्रण पुसट होतो आणि मागे दागिन्यासारखा शब्द उरतो. पण कल्पना शब्दाइतकी सहज निरुपद्रवी होत नाही. १९३५ मध्ये जर्मनीने न्यूरेंबर्ग कायदे केले, तेव्हा माणसाचा दर्जा पुन्हा आजी-आजोबांची मोजदाद करूनच ठरू लागला. दोन्ही काळांत फरक पुष्कळ आहेत. तरीही योसेफ हाइम येरुशाल्मी या इतिहासकाराने या दोन्ही नमुन्यांची तुलना गांभीर्याने मांडली आहे.

३१/
१४४९ च्या टोलेडोत मांडला गेलेला प्रश्न साधा होता : माणूस काय करतो यावरून त्याला ओळखायचे, की तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून? पोपने एक उत्तर दिले, शहराने दुसरे. शहराचे उत्तर चार शतके टिकले आणि त्यासाठी जाळलेल्या, हाकललेल्या, आडनावे बदललेल्या माणसांच्या शिरांत वाहत होते ते रक्त लालच होते. त्यांना जाळणाऱ्यांच्याही.